५,००० डॉलरचं इन्व्हॉइस आणि हाती आलेले ४,८५४

दोघीजणी मिळून एक छोटा डिझाइन स्टुडिओ चालवतात. क्लायंट जर्मनीतली मध्यम आकाराची कंपनी, स्टुडिओ युरोप आणि अमेरिकेबाहेरच्या एका देशात. काम दर महिन्याचं, इन्व्हॉइस ५,००० डॉलरचं, पैसे बँकेतून थेट बँकेत. प्रकरण नमुन्याचं आहे. हिशेब डोळ्यांसमोर राहावा म्हणून १ युरो = १.१० डॉलर असा दर सगळीकडे धरला आहे, आणि स्टुडिओच्या स्थानिक चलनातल्या रकमा डॉलरच्या मोलात दिल्या आहेत.

पहिल्या इन्व्हॉइसचे पैसे ११ दिवसांनी आले आणि १४६.०६ डॉलर कमी आले. स्टुडिओने क्लायंटला कळवलं की रक्कम अपुरी मिळाली. क्लायंटने बँकेची पावती पाठवली, तिच्यात ५,००० डॉलर स्वच्छ लिहिलेले होते. दोन्ही बाजू खरं बोलत होत्या. अशा वेळी संबंध बिघडायला दोन ईमेल पुरतात. म्हणून उलट लिहिण्याआधी पैशाचा माग काढायचा, एवढं शिस्तीने पाळावं.

पैसे कुठून कसे आले

स्विफ्ट पैसे हलवत नाही, निरोप हलवते. १९७३ साली बेल्जियममध्ये सुरू झालेल्या या संस्थेच्या जाळ्यात २०० हून अधिक देशांतल्या ११,००० हून अधिक बँका आणि वित्तसंस्था आहेत. पण प्रत्येक बँकेचं प्रत्येक बँकेत खातं नसतं. जर्मनीतल्या बँकेला डॉलर पाठवायचे असतील तर ती न्यूयॉर्कमधल्या आपल्या करस्पॉण्डंट बँकेला, म्हणजे जिथे तिचं डॉलर खातं आहे त्या बँकेला, निरोप देते. ती बँक स्टुडिओच्या बँकेचं डॉलर खातं ज्या बँकेत आहे तिच्याकडे रक्कम देते. तिथून निरोप स्टुडिओच्या बँकेत येतो. म्हणजे देणारी आणि घेणारी धरून चार बँका झाल्या. मधल्या दोघींशी ना क्लायंटचा करार, ना स्टुडिओचा.

गळती अशी झाली. क्लायंटच्या फॉर्मवर चार्जेसच्या रकान्यात 'शा' (SHA) निवडलेलं होतं, म्हणजे पाठवणाऱ्याने आपल्या बँकेचा खर्च सोसायचा आणि पुढचा खर्च घेणाऱ्याच्या रकमेतून कापायचा. पहिल्या मधल्या बँकेने २० डॉलर कापले, दुसरीने १५. स्टुडिओच्या बँकेत ४,९६५ पोहोचले. त्या बँकेने आवक रकमेचं शुल्क म्हणून १२ घेतले, राहिले ४,९५३. मग स्थानिक चलनात बदलताना बाजारातल्या मध्यदरापेक्षा (खरेदी आणि विक्रीच्या दरांच्या मधोमध असलेला दर) २ टक्के कमी दर लावला, म्हणजे ९९.०६ गेले. हाती आले ४,८५३.९४.

सगळ्यात मोठा आकडा शेवटचा आहे आणि तोच कुठल्याही पावतीवर 'शुल्क' म्हणून छापलेला नाही. बँकेच्या सूचनेवर फक्त 'लागू दर' असतो. तो ओळखायची रीत सोपी आहे: खात्यात जमा झालेली स्थानिक रक्कम भागिले बदललेले डॉलर, हा बँकेचा दर. त्याच दिवशीचा, जमेल तर त्याच तासाचा मध्यदर घ्यायचा, दोहोंतला फरक काढायचा आणि त्याला मध्यदराने भागायचं. मध्यदर १०० असेल आणि बँकेने ९८ दिले असतील तर मार्जिन २ टक्के. बँकेच्या फलकावरचा सकाळचा दर तुलनेला घेऊ नये, त्यात मार्जिन आधीच असतं.

दुसरी बाजू स्टुडिओला दिसतच नव्हती. क्लायंटचं खातं युरोत. ५,००० डॉलर म्हणजे मध्यदराने ४,५४५.४५ युरो, पण त्याच्या बँकेने दीड टक्का मार्जिन धरून ४,६१३.६४ युरो घेतले आणि वर १८ युरो शुल्क. क्लायंटचा खर्च ४,६३१.६४ युरो. दोन्हीकडची गळती मिळवली तर २४०.८६ डॉलर होते, इन्व्हॉइसच्या ४.८ टक्के. त्यातले १७४.०६ डॉलर फक्त चलन बदलण्यात गेले, कारण एकच रक्कम दोनदा बदलली गेली: आधी युरोचे डॉलर, मग डॉलरचं स्थानिक चलन. या व्यवहारात डॉलर कोणाचंच चलन नव्हतं. इन्व्हॉइस सवयीने डॉलरमध्ये काढलं होतं, इतकंच कारण.

अकरा दिवस का लागले

क्लायंटने गुरुवारी संध्याकाळी पेमेंट टाकलं. बँकेची कट-ऑफ वेळ उलटून गेली होती, त्यामुळे शुक्रवारची तारीख पडली. युरो-डॉलर व्यवहाराची मूल्यतारीख, म्हणजे पैसे प्रत्यक्ष हलण्याची तारीख, साधारणपणे दोन कामाचे दिवस पुढची असते. मध्ये शनिवार-रविवार आला आणि डॉलर मंगळवारी हलले.

न्यूयॉर्कमध्ये निरोप निर्बंधांच्या तपासणीत थांबला, म्हणजे पेमेंटचा संबंध निर्बंध घातलेल्या व्यक्तीशी, संस्थेशी किंवा देशाशी नाही ना, हे पाहणाऱ्या तपासणीत. इन्व्हॉइसवर स्टुडिओचं व्यवसायी नाव होतं, त्यात '&' हे चिन्ह. बँक खातं मात्र दोघींपैकी एकीच्या नावावर. पत्त्यात शहर होतं, देश नव्हता. नाव अर्धवट, पत्ता अर्धवट, म्हणून मधल्या बँकेने मागे प्रश्न पाठवला. त्याचं उत्तर क्लायंटच्या बँकेने क्लायंटला विचारून द्यायचं, आणि क्लायंटकडे तो ईमेल हिशेब विभागाच्या सामाईक पत्त्यावर पडून होता. गुरुवारी उत्तर गेलं. शुक्रवारी रक्कम स्टुडिओच्या बँकेत पोहोचली, पण लाभार्थीचं नाव खात्याशी जुळेना आणि पेमेंटचं कारण रिकामं, म्हणून बँकेने कागद मागितले. सोमवारी जमा झाले.

पैसे अडकलेत की नुसते उशिरा येताहेत, हे कळायला एकच गोष्ट लागते: यूईटीआर. हा ३६ अक्षरांचा क्रमांक, त्यात ३२ अंक-अक्षरं आणि ४ जोडरेघा. प्रत्येक पेमेंटला तो पहिल्या बँकेतच मिळतो आणि शेवटपर्यंत बदलत नाही. क्लायंटकडून पावतीबरोबर तो मागून घ्यावा. तो हातात असला की आपली बँक रक्कम नेमकी कुणाकडे आणि कशासाठी थांबली आहे ते पाहू शकते. नुसता 'ट्रान्झॅक्शन नंबर' मिळाला तर तो क्लायंटच्या बँकेपुरता असतो, इकडे त्याचा उपयोग नाही.

कपातीचा पुरावा हवा असेल तर पेमेंट निरोपाची प्रत मागायची. पूर्वी तो एमटी १०३ या साच्यात जायचा. नोव्हेंबर २०२५ पासून बँकांमधल्या परदेशी पेमेंटसाठी आयएसओ २००२२ या निरोपांच्या नव्या मानकातला पॅक्स ००८ साचा आहे. काउंटरवर अजूनही सगळे 'एमटी १०३ ची कॉपी' म्हणतात आणि तसं मागितलं तरी काम होतं. प्रतीत तीन जागा पाहायच्या: मूळ आदेशाची रक्कम (जुन्या साच्यात ३३बी), बँकांमध्ये प्रत्यक्ष दिली-घेतलेली रक्कम (३२ए) आणि कापलेले चार्जेस (७१एफ). या प्रकरणात ३३बी मध्ये ५,०००, ३२ए मध्ये ४,९६५ आणि ७१एफ दोनदा, २० आणि १५. ही प्रत क्लायंटला दाखवली की वाद तिथेच संपतो. पण त्यातून ३५ डॉलरचाच उलगडा होतो. उरलेले १११.०६ स्टुडिओच्या स्वतःच्या बँकेत गेले होते आणि त्याबद्दल क्लायंटला बोलणं चुकीचं ठरलं असतं.

पर्याय तोलताना

पहिला विचार कुणाच्याही मनात येईल तो 'अवर' (OUR) चा: सगळे चार्जेस पाठवणाऱ्याने भरायचे. क्लायंट तयारही झाला असता. पण ५,००० पूर्ण पोहोचले तरी आपल्या बँकेचे १२ आणि २ टक्के जातातच, हाती ४,८८८.२४ येतात. ३५ डॉलरसाठी क्लायंटकडून सवलत मागायची आणि शंभर डॉलरची गळती तशीच ठेवायची, हे आम्हाला पटत नाही. शिवाय 'अवर' लिहूनही मधल्या बँकेने कापून घेतल्याची प्रकरणं होतात. 'अवर' ला अर्थ आहे तो ठरलेली रक्कम पैशापर्यंत जुळायलाच हवी असते तिथे, जसं परीक्षेचं शुल्क किंवा सरकारी भरणा.

कार्डाने पैसे घेणं क्लायंटला सर्वांत सोपं: लिंक पाठवली, त्याने भरले. दर देशागणिक बदलतात. अंदाजासाठी स्ट्राइप या कार्ड-पेमेंट सेवेच्या अमेरिकेतल्या खात्याचा जाहीर दर घेऊ: २.९ टक्के अधिक ३० सेंट, परदेशी कार्ड असेल तर आणखी दीड टक्का. ५,००० वर हे २२०.३० डॉलर होतात, आणि चलनबदल वेगळा. त्याहून मोठी गोष्ट चार्जबॅकची. कार्डधारक आपल्या बँकेकडे तक्रार करून पैसे परत खेचू शकतो, त्यासाठी साधारण १२० दिवसांची मुदत असते. वस्तू पाठवल्याची कुरिअर पावती दाखवता येते. 'डिझाइन दिलं' हे सिद्ध करणं अवघड. पेपालसारख्या वॉलेटचं गणितही याच वळणाचं आहे, तिथे वाद उघडायला खरेदीदाराला १८० दिवस मिळतात आणि चलन बदलताना ३-४ टक्के मार्जिन लागतं.

पण रक्कम लहान असेल तर चित्र उलटं होतं. ६० डॉलरच्या कामावर वरच्या दराने कार्डाचा खर्च २.९४ डॉलर. तीच रक्कम बँकेतून आली तर २०, १५ आणि १२ मिळून ४७ डॉलर गेले असते आणि हाती १३ उरले असते. ३०० डॉलरच्या इन्व्हॉइसवरही हे ४७ म्हणजे पावणेसोळा टक्के, तर ५,००० वर एक टक्क्याहून कमी. म्हणून 'कुठली सेवा स्वस्त' या प्रश्नाला रकमेशिवाय उत्तर नाही. लहान रकमेला ठरावीक शुल्क मारतं, मोठ्या रकमेला दरातलं मार्जिन.

स्टेबलकॉइनचाही, म्हणजे डॉलरसारख्या चलनाशी मोल बांधलेल्या डिजिटल नाण्याचाही, विषय निघतो. चुकीच्या नेटवर्कवर पाठवलेली रक्कम बहुधा परत येत नाही, आणि जर्मन कंपनीच्या हिशेब विभागाला ती नोंदवायला लावणं व्यवहार्य नव्हतं. इथे तो पर्याय बाद.

राहिला चौथा. वाइझ, पेओनियर यांसारख्या सेवा क्लायंटच्या चलनातले स्थानिक खाते-तपशील देतात: युरोसाठी आयबॅन (आंतरराष्ट्रीय साच्यातला खाते क्रमांक), अमेरिकी डॉलरसाठी नऊ अंकी राउटिंग नंबर (बँकेची ओळख सांगणारा) आणि खाते क्रमांक. क्लायंट आपल्याच भागात पैसे भरल्यासारखे भरतो, मधल्या बँका वगळल्या जातात आणि चलन एकदाच बदलतं. युरोमध्ये हे सेपा मार्गाने होतं, म्हणजे युरोपातल्या बँकांमधल्या युरो पेमेंटच्या सामाईक व्यवस्थेतून. युरो क्षेत्रातल्या बँकांना ९ जानेवारी २०२५ पासून तात्काळ पेमेंट स्वीकारणं आणि ९ ऑक्टोबर २०२५ पासून पाठवणं बंधनकारक आहे. असं पेमेंट दहा सेकंदांत पोहोचतं, शनिवार-रविवारीसुद्धा, आणि त्याला साध्या सेपा पेमेंटपेक्षा जास्त शुल्क लावता येत नाही.

हिशेब असा मांडला. इन्व्हॉइस ४,६०० युरोचं. क्लायंटचा खर्च ४,६०० च, आधीपेक्षा ३१.६४ युरो कमी. सेवेचा बदलण्याचा खर्च ०.७ टक्के धरला तर ३२.२० युरो जातात, उरतात ४,५६७.८० युरो, म्हणजे ५,०२४.५८ डॉलर. स्टुडिओला आधीपेक्षा १७०.६४ डॉलर जास्त. इन्व्हॉइसचा आकडा मध्यदराने ५४.५५ युरोंनी वाढला, तरी क्लायंटला स्वस्त पडलं आणि हाती जास्त आलं. क्लायंटला हा प्रस्ताव 'माझे पैसे वाचतात' म्हणून मांडू नये. 'तुमचे दरमहा ३१ युरो वाचतात' अशी सुरुवात केली की त्यांचा हिशेब विभाग लगेच हो म्हणतो.

खाते बदलताना कुठे अडलं

'आमचं बँक खातं बदललं आहे, यापुढे इथे पैसे पाठवा.' हा ईमेल फसवणूक करणाऱ्यांचाही अगदी याच शब्दांत असतो. क्लायंटचा हिशेब विभाग शहाणा असेल तर तो पेमेंट थांबवणारच, आणि त्यांनी थांबवलं. ते योग्यच झालं. रीत अशी ठेवावी: आधी ओळखीच्या माणसाला व्हिडिओ कॉलवर सांगायचं, मग सहीचं पत्र, मग क्लायंटने जुन्या माहीत असलेल्या क्रमांकावर उलट फोन करून आयबॅनचे शेवटचे सहा अंक पडताळायचे. नव्या पत्रात छापलेल्या क्रमांकावर फोन करून काही सिद्ध होत नाही. त्यानंतर ५० युरोचं चाचणी पेमेंट, ते जमा झाल्यावरच उरलेली रक्कम.

चाचणीतच नावाचा प्रश्न उभा राहिला. ऑक्टोबर २०२५ पासून युरो क्षेत्रातली बँक सेपा पेमेंटआधी नाव आणि आयबॅन जुळतात का ते तपासते आणि पाठवणाऱ्याला जुळलं, जवळपास जुळलं, जुळलं नाही किंवा तपासता आलं नाही, यांपैकी एक उत्तर दाखवते. क्लायंटने व्यवसायी नाव टाकलं होतं, खातं मालकिणीच्या नावावर. पडद्यावर 'जुळत नाही' आलं. पेमेंट तरीही करता येतं, पण कंपनीत सही करणारा माणूस असा इशारा पाहून सहसा पुढे जात नाही. उपाय एकच होता: सेवेत उघडलेलं खातं ज्या नावाने नोंदलं आहे तेच नाव, तेच स्पेलिंग इन्व्हॉइसवर 'खातेदार' म्हणून वेगळ्या ओळीत लिहिणं. व्यवसायी नाव वर मथळ्यात राहू दिलं.

आयबॅन बेल्जियमचा होता, 'बीई' ने सुरू होणारा. तोही हिशेब विभागाला खटकला, कारण त्यांच्या नोंदीत पुरवठादार त्या देशातला नव्हता. सेपा क्षेत्रातला आयबॅन केवळ दुसऱ्या देशाचा म्हणून नाकारणं युरोपीय संघाच्या २०१२ च्या २६० क्रमांकाच्या नियमावलीत बसत नाही. पण नियमाचा हवाला देण्याआधी इन्व्हॉइसवर एक ओळ टाकावी: 'युरो खाते बेल्जियममधील परवानाधारक संस्थेमार्फत.' एवढ्याने शंका मिटली.

मग सेवेकडूनच विचारणा आली. नवं खातं आणि पहिलीच मोठी रक्कम, म्हणून करार आणि इन्व्हॉइस मागितलं. हे होणारच असं धरून सही केलेला करार, इन्व्हॉइस आणि काम सुपूर्द केल्याचा ईमेल एका फोल्डरमध्ये तयार ठेवावा. तासाभरात उत्तर दिलं तर दिवसभरात मोकळं होतं, तीन दिवसांनी दिलं तर आठवडा जातो.

दोन गोष्टी खातं उघडण्याआधीच पाहायच्या असतात. प्रत्येक देशातल्या रहिवाशांना सगळ्या चलनांचे खाते-तपशील मिळत नाहीत. आणि परदेशी कमाई किती दिवसांत देशात आणायची, कोणता कारण-संकेतांक द्यायचा, कोणता आवक दाखला जपायचा याचे नियम देशागणिक वेगळे आहेत. हिशेबनिसाला विचारल्याशिवाय ही वाट धरू नये. दाखला नसेल तर वर्षअखेरीला कर-परताव्याचा किंवा निर्यात-सवलतीचा दावा अडतो आणि वाचवलेले डॉलर तिथे जातात.

जोखीम कुठे सरकली

युरोचं इन्व्हॉइस काढल्यावर दराची जोखीम स्टुडिओकडे आली, हे लपवू नये. पेमेंटची मुदत ३० दिवसांची. त्या महिन्यात युरो स्थानिक चलनासमोर ३ टक्क्यांनी घसरला तर १३८ युरो गेले, जवळजवळ सगळी बचत. दर वाढला तर तेवढाच फायदा, पण स्टुडिओचं काम डिझाइनचं आहे, चलनावर डाव लावण्याचं नाही. दोन कलमं करारात घातली: मुदत ३० ऐवजी १४ दिवस, आणि करारातल्या आधारदरापासून ५ टक्क्यांहून जास्त हललं तर पुढच्या महिन्यापासून किंमत नव्याने ठरवायची. आमच्या मते यातलं पहिलं कलम जास्त मोलाचं, कारण त्याने जोखमीचा काळच निम्म्यावर आला.

आणि पैसे आल्या दिवशीच बदलून स्वतःच्या बँकेत वळते करायचे. अशा सेवांतली शिल्लक बहुतेक ठिकाणी बँक ठेव नसते. युरोपीय संघात ती रक्कम संस्थेच्या स्वतःच्या पैशापासून वेगळी राखावी लागते, पण ठेव-विम्याचं संरक्षण तिला नाही. 'दर चढेल' म्हणून तीन महिन्यांची कमाई तिथे साठवणं म्हणजे दोन जोखमी एकत्र घेणं.

इन्व्हॉइसची खालची पट्टी शेवटी अशी ठरली. चलन: युरो. खातेदाराचं नाव, खात्यात आहे तसंच. आयबॅन, चार-चार अक्षरांच्या गटांत. बीआयसी, म्हणजे बँकेचा स्विफ्ट संकेतांक. खातेदाराचा पत्ता, शहर आणि देश वेगळ्या ओळींत. संदर्भ: इन्व्हॉइस क्रमांक आधी, बाकी मजकूर नंतर, कारण १४० अक्षरांपुढचं तुटतं आणि काही बँकांच्या पडद्यावर त्याहूनही कमी दिसतं. '&', '#', '@' ही चिन्हं कुठेच नाहीत, स्विफ्टच्या जुन्या अक्षरसंचात ती बसत नाहीत आणि त्यांच्या जागी रिकामी जागा किंवा भलतंच अक्षर येतं. कामाचं वर्णन साध्या शब्दांत: 'वेबसाइट डिझाइन, मार्च'. प्रकल्पाच्या नावात एखाद्या देशाचं किंवा शहराचं नाव असेल तर ते इथे लिहू नये, नुसत्या त्या शब्दावरून निर्बंध-तपासणीत पेमेंट अडकतं.

जुनं डॉलरचं बँक खातं बंद केलं नाही. सेवेने खातं तपासणीसाठी गोठवलं तर त्या महिन्याचं इन्व्हॉइस त्याच मार्गाने जाईल, देशासह पूर्ण पत्ता, कारण आणि जुळणारं नाव लिहून. पहिल्या इन्व्हॉइसचे १४६.०६ डॉलर क्लायंटकडे मागितले नाहीत. हिशेबात उत्पन्न पूर्ण ५,००० लिहिलं, ४७ बँक शुल्काखाली आणि ९९.०६ विनिमय फरकाखाली. उत्पन्नातून थेट वजा केले असते तर इन्व्हॉइस कायम अपुरं भरल्यासारखं दिसलं असतं आणि दर महिन्याला कुणीतरी त्याचा तगादा लावत बसलं असतं.